पाणथळ, चिबड आणि बेशरम

सीनाकाठ: बेशरम नावाचं रानटी झुडूप काढण्याबद्दलचं एक इंग्रजी माहितीपत्रक शेतकऱ्यांसाठी मराठीत करतेय. "पाणथळ जमिनीत माजते" असं लिहिलं, तर आमचे अण्णा म्हणाले, "पाणथळ कुठलं? चिबड म्हण." मोहोळ-माढ्याकडे काय म्हणतात?

बार्शीकर: चिबड वेगळं, ताई. कालव्याचं पाणी मुरून रान खालून ओलं राहतं, क्षार वर येतात, ऊस पिवळा पडतो, ते चिबड. उजनी धरणाच्या फुगवट्याला पाणी चढतं-उतरतं, ते पाणथळ. बेशरम ओल दिसेल तिथे येते, त्यामुळे अण्णाही चुकले नाहीत.

भीमाथडी: त्याआधी क्रियापद बघा. "तोडा" अजिबात लिहू नका. आमच्या चुलत्यांनी ओढ्यातली बेशरम कोयत्यानं तोडून बांधावर टाकली. मिरगाच्या पावसात वीतवीतभर तुकड्यांना पेरापेरातून पांढरी मुळं फुटली, उसाचं बेणं लावल्यासारखी. दोन वर्षांत बांध गेला. "खणून काढा" लिहा. उन्हाळ्यात पाणी हटल्यावर मुळासकट काढायची, कोरड्या मुरमावर कडक वाळवायची, मग जाळायची.

सीनाकाठ: "निर्मूलन करा" चालेल?

भीमाथडी: अर्थ तोच, पण वाचणाऱ्याला त्यातलं मूळ दिसत नाही.

जुने मास्तर: का दिसू नये? उत्तम शब्द आहे. खटकतं ते "बेशरम". फारसी आहे. "निर्लज्जा" लिहा.

अक्कलकोटी: मास्तर, "जमीन" आणि "बाजार"ही फारसीच. निर्लज्जा म्हटलं तर आमच्या गावात एकालाही झाड ओळखू येणार नाही. कुठंही फेका, जगते, म्हणून बेशरम. झाड दक्षिण अमेरिकेतलं, नाव मात्र आपल्या लोकांनी पारखून दिलंय.

बार्शीकर: आजी वेगळं सांगायची. शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून बेशरम.

अक्कलकोटी: लावते हो. चाऱ्याच्या टंचाईत आमच्या दोन शेळ्यांनी खाल्ली आणि चटकच लागली. दुसरा चारा टाकला तरी तिकडंच ओढ घ्यायच्या. पुढं मान थरथरायला लागली, मागचे पाय लटपटायला लागले. दोन्ही गेल्या. पाल्यात स्वेनसोनिन नावाचं विष असतं. ताई, हे पत्रकात ठळक छापा.

जुने मास्तर: शेळ्यांचं ऐकून वाईट वाटलं. ते छापाच. पण सगळे "ती बेशरम" का म्हणताय? पंढरपुराकडे आम्ही "तो बेशरम" म्हणतो.

बार्शीकर: तो? आमच्याकडे "ते". बेशरमाचं झाड, म्हणून ते.

सीनाकाठ: मी तर चारही पानांवर "ती" लिहिलंय.