मदत हवी आहे: गणितातील पीएचडीसाठी तासिकेचे काम सोडावे का?

नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात चार वर्षांपासून तासिका तत्त्वावर (तासागणिक मानधनावर) गणित शिकवते. सेट ही सहायक प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा आधीच झाली होती. यंदा सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिपही मिळाली. ज्यांनी गणितातच पीएचडी केली आहे किंवा सध्या करीत आहेत, त्यांचा सल्ला हवा आहे.

पहिल्या पाच वर्षांच्या खर्चाची मला चिंता नाही. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन एसआरएफला (फेलोशिपच्या वरच्या टप्प्याला) ४२,००० रुपये मिळतात, शिवाय नियमानुसार घरभाडे. आज प्रत्येक तासानंतर नोंदवहीत सही करते आणि मानधन मात्र कधी दिवाळीनंतर, कधी थेट मार्चअखेर एकरकमी जमा होते. उन्हाळ्यात तर तेही नाही. पण फेलोशिप पाच वर्षांनी थांबते, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्रबंधाला सहा वर्षांपर्यंत मुदत आहे, आणि गणितातील शोधनिबंध परीक्षकांकडून परत येण्यासच अनेकदा वर्ष उलटते. ते शेवटचे वर्ष तुम्ही कसे निभावले?

त्याहून मोठा प्रश्न पुढच्या नोकरीचा आहे. यूजीसीच्याच २०१८ च्या नियमावलीने विद्यापीठांत सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी अनिवार्य केली, ती अट आधी २०२१ वरून २०२३ वर ढकलली गेली आणि जुलै २०२३ मध्ये पुन्हा नेट-सेटच पुरेशी ठरली. तरीही महाविद्यालयीन पदाच्या छाननीत १०० पैकी २५ गुण पीएचडीला आहेत आणि अध्यापनाच्या अनुभवाला जास्तीत जास्त १०, त्यामुळे केवळ तासिका घेत राहून मी फार पुढे जाणार नाही, असे माझे मत झाले आहे. मात्र गणिताच्या जागाच किती निघतील? पद कार्यभारावर, म्हणजे शिकवायच्या तासांवर ठरते आणि कार्यभार विद्यार्थ्यांवर. मी रुजू झाले तेव्हा एम.एस्सी. भाग एकच्या हजेरीपटाचे पान उलटावे लागे. आता नावे पहिल्याच पानावर संपतात. वर्गातील हुशार मुली डेटा सायन्सकडे वळतात आणि त्यांना थांबवण्याजोगे उत्तर माझ्याकडे नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

संस्थेबाबतही निर्णय होत नाही. जवळच्या विद्यापीठातील एक सहयोगी प्राध्यापक मला घ्यायला तयार आहेत; नियमाने त्यांना सहाच विद्यार्थी घेता येतात आणि त्यांपैकी एकच जागा शिल्लक आहे. घरी आई एकटी असल्याने हे सोयीचे आहे. पण विभागात सेमिनार क्वचितच होतात, आणि बीजगणितात त्यांच्याखेरीज बोलायला कोणी नाही. एम.एस्सी.च्या काळात एमटीटीएस या गणित प्रशिक्षण कार्यक्रमाच्या उन्हाळी शिबिरात चार आठवडे होते. तेथे फळ्यापाशी उभे करून सिद्धतेच्या एकेका ओळीला ‘हे कशावरून?’ असे विचारत. तसे विचारणारी माणसे रोज भोवती असावीत, म्हणून पुण्याची आयसर ही विज्ञान संशोधन संस्था किंवा मुंबईची आयआयटी येथे मुलाखत द्यावी, असे मनात येते.

राज्य विद्यापीठातून गणितात पीएचडी करून नंतर एनबीएचएमची (राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाची) पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची फेलोशिप किंवा कायम पद मिळालेले येथे कोणी आहे का? असल्यास मार्गदर्शकाखेरीज गणिताची चर्चा तुम्ही कोठे आणि कोणाशी करीत होता, हे कृपया सविस्तर लिहावे. विद्यापीठातील ती जागा माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवली आहे.