पूरनकाशासाठी सरकारी निधी येतोय. पैसा नेमका कशावर लावायला सांगू?

नदीकाठची:
आमची वस्ती सखल भागात आहे. पूरनकाशा करायला सरकारी निधी येणार असं कळलंय आणि बैठकीत रहिवाशांच्या वतीने मी बोलणार आहे. मागच्या नकाशात आमचं घर पूररेषेच्या बाहेर होतं. त्याच घरात आजेसासूबाईंच्या उशापर्यंत पाणी आलं. या वेळी काय मागायचं?

चौकस:
उपग्रहांची माहिती फुकट मिळते ना? मग एवढा खर्च कशाला?

मोजणीदार:
ताई, ३१ वर्षं मोजणीत काढली, म्हणून सांगतो. पहिला पैसा जमिनीच्या उंचीवर. फुकट मिळणारी उंचीची बरीच माहिती २००० साली अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीची आहे. तिच्यात काही मीटरची चूक निघते, दाट झाडी आणि छपरंही जमिनीत धरली जातात. तुमच्या उंबऱ्याचा प्रश्न वीतभर पाण्याचा! विमानातून लेसरने मोजलं (लायडार) की चूक १०-१५ सेंटिमीटरवर येते. नेहमीचा लेसर मात्र पाण्याखाली पोचत नाही. नदीचा तळ होडीतून वेगळा मोजावा लागतो, आणि पैसे कमी पडले की हेच काम आधी गळतं. एका नकाशात तळ जुन्या कागदावरून उचललेला मी पाहिलाय. मधल्या काळात तिथे इतका गाळ बसला होता की आमची होडी टेकली. पूल आणि मोऱ्याही मोजायला लावा. मोरी तुंबली की पाणी कुणाच्या दारात वळतं, ते नकाशात दिसायला हवं.

चौकस, सेंटिनेल-१ सारखे रडार उपग्रह ढगांतूनही पाणी दाखवतात, पण आलेलं. न आलेला पूर कुठवर चढेल ते गणितानेच काढतात. त्याची हेक-रास ही आज्ञावली मोफत आहे. खर्च होतो तो मोजणीवर.

नदीकाठची:
नकाशावर 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असं लिहिलंय. म्हणजे आता आम्ही निवांत?

मोजणीदार:
नाही हो. दर वर्षी शक्यता १ टक्का, एवढाच त्याचा अर्थ. ३० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते, चौथाईहून जास्त. या शब्दांवर विसंबून लोक त्याच जागी पुन्हा घरं बांधतात, याचं मला फार वाईट वाटतं. नकाशावर टक्के लिहायला लावा.

फेरमोजणीचे पैसेही आत्ताच मंजूर करून घ्या. युरोपीय संघाच्या २००७च्या पूरविषयक निर्देशात दर ६ वर्षांनी नकाशे तपासणं बंधनकारक आहे. आणि आजेसासूबाईंना विचारून पाण्याची उंची भिंतीवर नोंदवा, फोटो काढा. गणिताचं उत्तर अशाच खुणांशी ताडून पाहतात.

नदीकाठची:
कपाटामागे रंग दिलेला नाही, तिथे डाग अजून आहे. उद्या कपाट सरकवून मोजते. शेजारच्यांनाही सांगते.