पाडलेल्या घराचे वासे, होडीच्या फळ्या आणि पॅलेट: कशातून काय करावं?

मिऱ्याकाठची (रत्नागिरी):
आमच्या वाडीतलं जुनं कौलारू घर उतरवतायत. वासे आणि रंगवलेली दारं बेकरीच्या भट्टीत जाणार होती, मालकांना सांगून थांबवलीत. शिवाय कारखान्यांबाहेर टाकलेली पॅलेटं (माल रचायच्या लाकडी चौकटी) आहेत, आणि बंदरावर मोडीत काढलेल्या होडीच्या फळ्या. चाव्या अडकवायचे स्टँड, ट्रे, मुलांची खेळणी करायची आहेत. वडिलांची पटाशी नि रंधा घरात आहे, हातही बसलाय. कुठलं लाकूड कशाला घ्यावं? पावसाळ्यात टिकणारं पॉलिश कोणतं?

आळीतला सुतार (सावंतवाडी):
ताई, भट्टीतून लाकूड वाचवलंत, फार बरं वाटलं. असे वासे आता पैसे टाकूनही मिळत नाहीत.

आधी दारांचं. जुन्या ऑइलपेंटात शिसं असू शकतं. ते दशलक्षात ९० भागांच्या आत ठेवायचा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका, घरात तर मुळीच नको. पाणी मारून ओला खरवडा, निघालेला चोथा पिशवीत बांधा, मुलांना लांब ठेवा. खेळण्यांना हे लाकूड नकोच. त्यांना पांगाऱ्यासारखं हलकं, मऊ, कोरं लाकूड घ्या, आमच्याकडे पूर्वापार तेच वापरायचे.

वाशाच्या टोकाला रंध्याचा एक हात मारा. पिवळाधमक निघाला तर फणस, हवा-उजेड लागून पुढे तपकिरी होतो. तेलकट हात लागला आणि चामड्यासारखा वास आला तर साग. करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर पातं गेलंच म्हणून समजा. आणि कुसांची, म्हणजे सांधे जोडायची, जुनी भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवू नका! कुणा सुताराने हाताने पाडलेली ती चौकोनी भोकं हीच त्या लाकडाची ओळख. स्टँडवर ती दिसू द्या, गिऱ्हाईक तिथेच बोट घालून बघतं.

होडीच्या फळ्यांत मीठ मुरलेलं असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि लोखंडी स्क्रू खातं. या पावसाळ्यात फळ्या पागोळीखाली ठेवा, गोड्या पाण्याने मीठ उतरेल. मग सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचा, वारा खेळू द्या. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे. आत चुन्यासारखा पांढरा थर असलेली भोकं दिसली तर तो समुद्रातला किडा. पाण्याबाहेर तो जगत नाही, घाबरू नका.

पॉलिशचं म्हणाल तर चपडीचं (लाखेचं) फ्रेंच पॉलिश आपल्या दमट हवेत पांढरं पडतं. मी उकळलेलं जवसाचं तेल पातळ हाताने लावतो, पुरतं वाळलं की वर मधमाशांचं मेण. पण तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेते. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वेंगुर्ल्याची वहिनी:
होडयेचा लाकूड उंडीचा असला तर सोडू नकात, मजबूत असता. पण काळा चिकट काय लागला तर हातमोजे घाला. होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात, त्याने कातडी भाजून फोड येतात. सुतारभाऊंनी ते सांगायला हवं होतं. असल्या फळीचा ट्रे नको, भिंतीवरचं काहीतरी करा.

मिऱ्याकाठची:
दोघांचेही मनापासून आभार. वाशांवर रंधा मारला, फणसच निघाला! पॅलेटांवर दोन तऱ्हेचे शिक्के आहेत, एचटी आणि एमबी. काय फरक?

आळीतला सुतार:
वहिनींचं बरोबर, तेलाचं आधी सांगायला हवं होतं.
एचटी म्हणजे कीड मारायला गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटं दिलेलं, ते खुशाल घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते घरात आणू नका, चुलीतही घालू नका. शिक्का नसेल किंवा तेल, रसायन सांडल्याचे डाग असतील तर तेही सोडा. फणसाचे तुकडे उरले तर ट्रेला तेच वापरा, पॅलेटपेक्षा कितीतरी सरस.