मदत हवी आहे: एल्व्हिसच्या १९५६ च्या टीव्ही कार्यक्रमांची अमेरिकन व्हीएचएस कॅसेट, डिजिटल कशी करावी आणि तारखा कशा लावाव्यात?

पारिजातक

घरात अमेरिकेहून आलेली एक व्हीएचएस कॅसेट आहे. लेबलवर 'टी-१२०' छापलंय आणि पेनाने 'एल्व्हिस टीव्ही ५६' एवढंच लिहिलंय. आईसाठी ती पेनड्राइव्हवर घ्यायची आहे, आणि प्रत्येक तुकड्याखाली कार्यक्रमाचं नाव व तारीख टाकायची आहे. तिच्या पिढीला इथे हा गायक रेकॉर्डवर ऐकायला मिळाला, थेटरात पाहायला मिळाला. टीव्हीवरचा सुरुवातीचा एल्व्हिस मात्र तिने पाहिलेलाच नाही.

अडचणी अशा: इथल्या व्हीसीआरमध्ये चित्र वरखाली पळतं, आवाज जाड आणि रेंगाळत येतो. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर फितीच्या गुंडाळीवर कडेला पांढरे ठिपके आहेत.

पळत्या चित्रातून जेवढं कळलं ते असं:
क) निवेदक ओळख करून देतो, मग दोन जलद गाणी, पहिलं 'शेक, रॅटल अँड रोल'
ख) 'टुटी फ्रुटी', त्यानंतर एक संथ गाणं
ग) फक्त 'हार्टब्रेक हॉटेल', सुरुवात कापलेली
घ) जहाजाच्या डेकवर
च) शेपटीवाला कोट, समोर कुत्रा
छ) यजमान एक जाडसर इंग्रज गृहस्थ
ज) सगळं कमरेच्या वरचं, शेवटी भक्तिगीत

जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आगाऊ धन्यवाद.

रिळवाला

सर्वात आधी ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालणं थांबवा. ते पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातून कोकण-मुंबईच्या हवेत, कपाटात पडून राहिलेल्या कॅसेटला ती हमखास धरते. एकदा कॅसेट चालवली की बुरशी हेडच्या (फीत वाचणाऱ्या टोकांच्या) ड्रमवर आणि रोलरवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. म्हणजे तुमचा व्हीसीआरही आता साफ करावा लागणार.

व्हीसीआर असा साफ करा. प्लग काढा, झाकण उघडा. शॅमॉय चामड्याचा किंवा धागे न सुटणारा कापडाचा तुकडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला करून निथळून घ्या. तो ड्रमला हलकेच टेकवून बोट स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग फिरवा. कापड वरखाली अजिबात घासायचं नाही: ड्रमच्या कडेला हेडची टोकं जेमतेम बाहेर आलेली असतात आणि उभ्या घासण्याने ती तुटतात. कानकोरणीचा कापूस नको, त्याचे धागे हेडमध्ये अडकतात. रबराच्या पिंच रोलरला अल्कोहोल फार वेळा लावलं तर रबर कडक होतं, तिथे साबणाच्या पाण्याचं ओलसर फडकं पुरे.

आता कॅसेट. बुरशी ओली, चिकट असेल तर पुसू नका, ती फितीवर आणखी पसरते. हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत आठ-पंधरा दिवस ठेवा. ऊन, हेअर ड्रायर, काही नको. बुरशी सुकून भुकटीसारखी झाली की तोंडाला मास्क लावून, घराबाहेर किंवा गॅलरीत काम करा. कॅसेट उलटी धरून खालचे पाच स्क्रू काढा, मग सुलटी करून वरचं झाकण उचला. फीत कुठल्या खुंट्यांवरून गेली आहे त्याचा आधी फोटो काढून ठेवा. तळाच्या मधल्या भोकात काडी घातली की रिळांचा लॉक सुटतो. मग कोरड्या मऊ कापडाच्या घडीतून फीत अलगद ओढत एका रिळावरून दुसऱ्यावर हाताने गुंडाळायची. कापडाची जागा सारखी बदलत राहा. टी-१२० मध्ये जवळपास २५० मीटर फीत असते, तेव्हा घाई करून चालणार नाही. शेवटी रिळं दुसऱ्या, स्वच्छ कॅसेटच्या कवचात बसवा, कारण जुन्या कवचात बुरशीची भुकटी राहतेच. नव्या कवचाची रेकॉर्डिंगची पाकळी मोडलेली आहे ना, हेही बघून घ्या, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही.

पन्नासहर्ट्झ

बुरशीबद्दल वर सगळं आलंय. चित्र पळण्याचं कारण वेगळं आहे.

'टी-१२०' हीच खूण आहे. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या कॅसेटवर 'ई-१८०' असं असतं. तुमची कॅसेट एनटीएससी (अमेरिकन टीव्ही पद्धत) आहे: ५२५ रेषा, सेकंदाला ६० फील्ड (अर्ध्या फ्रेम). आपली पद्धत पाल, म्हणजे ६२५ रेषा, ५० फील्ड. एनटीएससीमध्ये एसपी (नेहमीच्या) वेगाला फीत सेकंदाला ३३.३५ मिमी धावते, पालमध्ये २३.३९ मिमी. पाल यंत्रात फितीला तिचा वेग मिळत नाही, म्हणून आवाज जाड येतो. कॅसेट खराब झालेली नाही.

त्यामुळे एनटीएससी चालवणारा व्हीसीआर शोधा. गल्फहून आलेले मल्टिसिस्टीम (दोन्ही पद्धती चालवणारे) व्हीसीआर कोकणात, गोव्यात, मुंबईत अजून अनेक घरांत पडून आहेत. घेताना एक बारीक गोष्ट तपासा. पुढे 'एनटीएससी प्लेबॅक ऑन पाल टीव्ही' लिहिलेलं यंत्र शुद्ध एनटीएससी बाहेर देत नाही. ते ६० फील्ड तसेच ठेवतं आणि रंग पालचे करतं, त्याला पाल-६० म्हणतात. अनेक कॅप्चर कार्डांना (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या यंत्रांना) ते समजत नाही. कार्डाच्या सेटिंगमध्ये पाल-६० किंवा एनटीएससी ४.४३ निवडून बघा. इथे तुमचं नशीब चांगलं आहे: १९५६ चं हे सगळं चित्रीकरण कृष्णधवल आहे. कार्डाने रंग ओळखले नाहीत तरी काही बिघडत नाही. उलट नंतर सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) शून्यावर आणाच, म्हणजे व्हीएचएसचे निळे-तांबडे डाग निघून जातात.

यंत्रात घातल्यावर कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, गुंडाळीचा ताण सारखा होतो. ट्रॅकिंग हाताने लावा. कॅप्चर ७२० × ४८०, २९.९७ फ्रेम, इंटरलेस्ड (फील्ड वेगळ्या ठेवून) जसंच्या तसं. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ या दर्जा न गमावणाऱ्या प्रकारांत घ्या, आवाज ४८ किलोहर्ट्झ. हफवाययूव्हीला तासाला ३० ते ४० जीबी जागा धरा. थेट एमपी४ मध्ये घेतलंत तर पुढची कुठलीच दुरुस्ती नीट होणार नाही. फ्रेम गळत असतील तर व्हीसीआर आणि कार्डाच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडा. त्यातून जाताना सिग्नल बराच स्थिर होतो, पण तो रेकॉर्डरही एनटीएससी घेणारा हवा. काळा रंग राखाडी दिसला तर घाबरू नका, अमेरिकन एनटीएससीत काळ्याची पातळी मुद्दाम थोडी वर ठेवलेली असते. कार्डाच्या ब्राइटनेसने ती खाली आणा, मात्र पांढरे शर्ट उडत नाहीत ना तेही पाहा.

डॉर्सीप्रेमी

तारखा मी लावून देतो. या धाग्यातलं मला सर्वात जवळचं काम!

क) २८ जानेवारी १९५६, सीबीएस वाहिनी, ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या डॉर्सी बंधूंचा 'स्टेज शो', न्यूयॉर्क. राष्ट्रीय टीव्हीवरचं हे त्याचं पहिलं दर्शन. ओळख करून देणारा निवेदक म्हणजे क्लीव्हलंडचा डिस्क जॉकी बिल रँडल. दुसरं गाणं 'आय गॉट अ वुमन'. 'हार्टब्रेक हॉटेल'ची रेकॉर्ड आदल्याच दिवशी बाजारात आली होती, आणि तरी तो ते या कार्यक्रमात गायला नाही, पुढच्या आठवड्यातही नाही.

ख) 'टुटी फ्रुटी' तो 'स्टेज शो'वर दोनदा गायला. ४ फेब्रुवारीला 'बेबी लेट्स प्ले हाउस'सोबत आणि १८ फेब्रुवारीला 'आय वॉज द वन'सोबत. तुमच्याकडे पुढचं गाणं संथ आहे, म्हणजे १८ फेब्रुवारी.

ग) यात खरी मेख आहे. 'स्टेज शो'वर 'हार्टब्रेक हॉटेल' तीनदा झालं: ११ फेब्रुवारी, १७ मार्च, २४ मार्च. मागे डॉर्सींच्या ऑर्केस्ट्राचे ब्रास (पितळी वाद्यं) ऐकू येत असतील तर ११ फेब्रुवारी. त्या रात्री ऑर्केस्ट्राने साथ केली आणि गाण्याचा डौल पार बदलला. त्याच्या नेहमीच्या साथीदारांची, म्हणजे स्कॉटी मूरची गिटार, बिल ब्लॅकचा उभा बेस आणि डी. जे. फोंटानाचे ड्रम एवढंच असेल तर मार्च. मार्चमधल्या दोन तारखा वेगळ्या करायला जोडीचं गाणं लागतं: १७ ला 'ब्लू स्वेड शूज', २४ ला 'मनी हनी'. तुमचा तुकडा कापलेला आहे, तेव्हा अधिकृतपणे निघालेल्या पूर्ण संचाशी कॅमेऱ्याचे कट ताडून पाहा. पहिला क्लोजअप कुठल्या शब्दावर येतो ते दोन्हींत बघा. थेट प्रक्षेपणात दोन रात्रींचे कट सारखे पडत नाहीत.

घ) ३ एप्रिल, एनबीसी वाहिनी, मिल्टन बर्लचा कार्यक्रम, सॅन दिएगोला विमानवाहू जहाज 'हँकॉक'वरून. बर्लकडे तो ५ जूनला पुन्हा आला, गिटार न घेता 'हाउंड डॉग' गायला आणि शेवटी लय निम्म्यावर आणली. अमेरिकेत गदारोळ झाला तो यावरून. पुढे तुकड्यांत ते सापडलं तर जहाजाच्या तुकड्याशी गल्लत करू नका.

च) १ जुलै, एनबीसी, स्टीव्ह ॲलनचा कार्यक्रम. ५ जूनच्या गदारोळानंतर त्याला शेपटीचा कोट घालून एका बॅसेट हाउंड कुत्र्यासमोर उभं करून तेच गाणं गायला लावलं. दुसऱ्याच दिवशी, २ जुलैला, न्यूयॉर्कमध्ये त्याने या गाण्याची रेकॉर्ड केली. हे दोन्ही लागोपाठ ऐका. टीव्हीवर जखडून ठेवलेला माणूस रेकॉर्डवर कसा मोकळा सुटलाय ते कळतं.

छ) ९ सप्टेंबर, एड सलिव्हन शो. मोटार अपघातामुळे सलिव्हन नव्हता, यजमान होता नट चार्ल्स लॉटन. लॉटन न्यूयॉर्कला आणि एल्व्हिस लॉस एंजेलिसच्या सीबीएस टेलिव्हिजन सिटीत, म्हणून दोघं एका चौकटीत दिसत नाहीत. सुमारे ६ कोटी प्रेक्षक, त्या वेळच्या टीव्ही प्रेक्षकांच्या ८२.६ टक्के.

ज) ६ जानेवारी १९५७, सलिव्हनकडचा तिसरा आणि शेवटचा कार्यक्रम. भक्तिगीत म्हणजे 'पीस इन द व्हॅली'. तेव्हा '५६' हे लेबल या तुकड्याला लागू नाही. सलिव्हनने त्याला नेहमीच कमरेच्या वर दाखवलं, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे, तो नियम फक्त या तिसऱ्या कार्यक्रमाला पाळला. मधला कार्यक्रम २८ ऑक्टोबरचा.

पारिजातक

सर्वांचे मनापासून आभार. (ग) मध्ये ब्रास स्पष्ट आहेत, म्हणजे ११ फेब्रुवारी. कॅसेट साफ झाली, मल्टिसिस्टीमवर चित्र स्थिर आलं. आता दोन शंका. एक, चकचकीत वस्तूंभोवती काळी कडा दिसते, ती काढावी का? दोन, इथे विकत घेतलेल्या डीव्हीडीवर हीच गाणी किंचित वरच्या पट्टीत आणि भरभर वाटतात. खरं कुठलं?

रिळवाला

काळी कडा काढू नका. त्या काळच्या स्टुडिओ कॅमेऱ्यात इमेज ऑर्थिकॉन नळी असे. प्रखर भागाभोवती तिच्यात अशी काळी झालर पडते. बिल ब्लॅकच्या बेसवर दिवा चमकतो तिथे नीट बघा. ती मूळ चित्राचा भाग आहे.

आणि हे सगळं 'किनेस्कोप' आहे हे ध्यानात ठेवा, म्हणजे मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून केलेली नक्कल. सीबीएसने व्हिडिओटेप प्रक्षेपणासाठी पहिल्यांदा वापरली ती ३० नोव्हेंबर १९५६ ला. त्याआधीचं जे टिकलं ते फिल्मवर. धार वाढवणारी, चेहरे 'सुधारणारी' सॉफ्टवेअर यावर चालवलीत तर चेहरा मेणाचा होतो. माझं स्पष्ट मत आहे की मूळ फाइल तशीच जपावी.

पन्नासहर्ट्झ

मूळ फाइल जपावी याला +१. पण आईला दाखवायच्या प्रतीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. १९५६ च्या प्रेक्षकाने घरी सेकंदाला ६० फील्डची सलग हालचाल पाहिली. किनेस्कोपने ती २४ फ्रेमवर आणली, म्हणून पायांची थरथर तुटक दिसते. दुसऱ्या प्रतीत मधल्या फ्रेम घालून हालचाल सलग केली तर थेट प्रक्षेपणाच्या जरा जवळ जाता येतं. आधी इनव्हर्स टेलिसिने (फिल्म टीव्हीवर आणताना भरलेल्या जादा फील्ड काढणं) मात्र हवंच. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्ये फील्डमॅच आणि त्यामागे डेसिमेट लावा, ३:२ पुलडाउन निघून २३.९७६ फ्रेम हातात येतात. हे न करता डीइंटरलेस केलंत तर दर पाच फ्रेमला एक गचका राहतो.

वरची पट्टी: डीव्हीडी पाल असणार. २४ फ्रेमची फिल्म २५ ने चालवली की वेग ४ टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो आणि आवाज सुमारे पाऊण अर्धस्वर चढतो. २ मिनिटं २४ सेकंदांचं गाणं २:१८ ला संपतं. डीव्हीडीचा आवाज ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज स्पीड'ने ०.९६ करा. 'चेंज टेम्पो' वापरू नका, त्याने लांबी बदलते आणि पट्टी तशीच राहते.

ताडून पाहायचं असेल तर गाण्याआधीचा शांत भाग निवडा आणि त्यातच 'प्लॉट स्पेक्ट्रम' (कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे याचा आलेख) ६५५३६ वर ठेवून बघा. अमेरिकेतल्या विजेची घरघर ६० आणि १२० हर्ट्झवर दिसते. डीव्हीडीत तीच ६२.५ च्या आसपास सरकलेली असेल तर पाल स्पीडअप नक्की. तुमच्या कॅसेटवर ६० जवळ दोन शिखरं दिसली तर एक मूळ किनेस्कोपचं असेल आणि दुसरं कॅसेट बनवतानाचं. दोन्ही ६० वरच असतील तर वेगाला हात लावायची गरज नाही. आणि ५० वर शिखर आलं तर ते तुमच्या घरच्या वायरिंगचं आहे: व्हीसीआर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, टीव्ही केबलची तार व्हीसीआरमधून काढून टाका आणि तेवढा भाग पुन्हा कॅप्चर करा.