मुलीने ऑर्थो घ्यावं का? घरचे आणि सीनियर दोघेही नको म्हणतायत

सातपुडा_इंटर्न

सगळ्यांना नमस्कार. नीट पीजीचा निकाल लागला. राज्याच्या फेरीत एसटी कॅटेगरीतून सरकारी कॉलेजात एमएस ऑर्थो, म्हणजे हाडांच्या सर्जरीची पीजी सीट, मिळेल अशी रँक आहे. चॉइस फॉर्म भरायचा आहे आणि घरात रोज हाच विषय.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडची. आमच्याकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. ट्रॉलीवरून पडून हात मोडला की तिथेच कुणीतरी कामट्या लावून करकचून बांधून देतं. इंटर्नशिपमध्ये असाच एक लहान मुलगा आला होता, कोपराच्या वरचं हाड मोडलेलं. पट्टी सोडली तर बोटं काळीनिळी, आणि ती सरळ करायला गेलं की किंचाळायचा. सरांनी त्याला लगेच ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) घेतलं, पण हात पूर्ण कामाचा राहिला नाही. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

बाबा म्हणतात स्किन घे, नाहीतर डोळ्यांचं घे. सीनियर म्हणतात ऑर्थोला ताकद लागते, तुझी उंची पाच फूट, फीमर (मांडीचं हाड) कसा ओढणार? त्या डिपार्टमेंटला सध्या एकही मुलगी नाही, त्यामुळे ड्युटी रूमचाही प्रश्न आहे. पुढे लग्न, मूल झालं तर सीआर्मसमोर (ऑपरेशन चालू असताना हाड दाखवणारं एक्स-रे यंत्र) उभी राहणार का, असंही विचारतात. आणि एकाने सरळ सांगितलं, 'मुलगी, त्यात कॅटेगरी, तुला केस कोण देणार?' म्हणजे ऑपरेशन करायला कोण देणार. हे वाक्य डोक्यातून जात नाही. जे या शाखेत आहेत त्यांनी खरं काय ते सांगावं.

कृष्णाकाठची_ऑर्थो

ऑर्थोच भर, पहिल्या नंबरला. मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षं प्रॅक्टिस करते आहे, उंची तुझ्यापेक्षा फार नाही.

आधी ताकदीचं. निखळलेला खांदा बसवताना दोघे जण चादर लावून ओढतायत, हे दृश्य सगळ्यांनी कॅज्युअल्टीत पाहिलेलं असतं, म्हणून वाटतं की हे पहिलवानाचं काम. मी पेशंटला टेबलावर पालथं झोपवते. दुखणारा हात कडेवरून खाली लोंबता सोडते, मनगटाला दोन-तीन किलो वजन बांधते, वेदनाशामक देते आणि शेजारी स्टुलावर बसून यंदा ऊस किती गेला, पोरं काय करतात, असं विचारत राहते. स्नायू दमून सैल पडतात. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत खांदा आत जातो, कधी खांद्याच्या पात्याचं खालचं टोक अंगठ्याने मणक्याच्या बाजूला सरकवावं लागतं. ही स्टिमसनची पद्धत, कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. मांडीचं हाड ओढायचं काम ट्रॅक्शन टेबल करतं, आपण हँडल फिरवायचं. भूल चढली की स्नायूंचा विरोध संपतो. ड्रिल आणि रीमर बॅटरीवर चालतात, टेबल खाली घेता येतं, नाहीतर पायाखाली स्टूल. सराव लागतो, दमही लागतो, पण तो पोरांनाही लागतो.

अडचण येते ती सामानाची. ओटीबाहेर टांगलेले लीड अ‍ॅप्रन (एक्स-रे किरण अडवणारे) सगळे मोठ्या मापाचे. लहान चणीच्या बाईने तो घातला की काखेशी फट राहते, ड्रिल धरायला हात उचलला की ती आणखी उघडते, आणि स्तनाचा वरचा बाहेरचा भाग नेमका तिथे येतो. स्तनाचा कर्करोग सगळ्यात जास्त होतो तो याच भागात. अमेरिकेत महिला ऑर्थो सर्जनांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यात या कर्करोगाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा बरंच जास्त आढळलं. ते किरणांमुळेच, असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण म्हणून फट उघडी ठेवायची का? तू आपल्या मापाचा दोन भागांचा अ‍ॅप्रन घे, वर जॅकेट आणि खाली स्कर्ट. वजन खांद्यावर न येता कमरेवर येतं. काखेला वाढीव पट्टी लावून घे, गळ्याची थायरॉइड कॉलर विसरू नको. विद्यावेतनातून एकदम झेपणार नाही, म्हणून डिपार्टमेंटकडे लेखी मागणी कर. माझ्या वेळी मागितला तेव्हा हसले होते. आता हसून भागत नाही.

गरोदरपणाचं सांगते, कारण यावर अर्धवट माहितीनेच मुली घाबरतात. अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे: गरोदर असल्याचं कळवल्यावर उरलेल्या काळात गर्भाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये. नीट अ‍ॅप्रन घालून, सीआर्मच्या नळीपासून लांब उभं राहून ती मर्यादा पाळता येते. किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज अ‍ॅप्रनच्या आत छातीवर लाव. बोन सिमेंट कालवताना निघणारी वाफ टाळायची, ते काम त्या महिन्यांत दुसऱ्याला दे. माझ्या वेळी हे समजावून सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून एवढं लिहिलं.

आणि पेशंटचं कुणी तुला सांगितलं नसेल. गुडघ्याची झीज बायकांत जास्त, हाडं ठिसूळ होणं बायकांत जास्त, आणि तपासणारे मात्र जवळपास सगळे पुरुष. माकडहाड दुखणारी बाई पुरुष डॉक्टरसमोर 'कंबर दुखते' एवढंच म्हणते, गोळ्या घेऊन जाते. माझ्या ओपीडीत अशा बायका लांबून येतात. एकीने सुनेला सांगितलं, सुनेने माहेरी सांगितलं, अशा येतात. तुझ्या धडगावात पावरी-भिलोरी बोलणारी ऑर्थोची बाई बसली, तर तो कोपरावर कामट्या बांधलेला मुलगा दुसऱ्या दिवशीच तुझ्यापर्यंत पोचेल.

लेक्चरर_ऑर्थो

मॅडमशी पूर्ण सहमत. मी सरकारी कॉलेजात शिकवतो, त्यामुळे केस कोण देणार याबद्दल बोलतो.

ज्याने ते वाक्य म्हटलं त्याने धमकी दिली असेल किंवा अनुभव सांगितला असेल, दोन्ही शक्य आहे. 2019 च्या मे महिन्यात डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या स्त्रीरोग विभागात पीजी करत होत्या, तुमच्याच खानदेशातल्या. आदिवासी समाजातून आलेल्या त्या मुलीच्या छळाचे आरोप झाले, गुन्हा दाखल झाला. त्यांच्या आई आणि रोहित वेमुलांच्या (हैदराबाद विद्यापीठात 2016 मध्ये आत्महत्या केलेला विद्यार्थी) आई दोघी मिळून कॅम्पसमधल्या जातिभेदाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यानंतर तरी प्रत्येक विभागप्रमुखाने एक गोष्ट करायला हवी होती: रेसिडेंटला रँक आणि कॅटेगरी विचारणं बंद. आमच्या युनिटमध्ये पहिल्याच दिवशी मी हे सगळ्यांसमोर सांगतो. टोमण्याची सुरुवात तिथूनच होते.

केस वाटपाला मी तोंडी भरवसा ठेवत नाही. ओटीत फळ्यावर यादी असते, कुठली केस कोणत्या जेआरची (ज्युनियर रेसिडेंटची) ते आदल्या संध्याकाळी लिहिलेलं असतं, आणि पाळी फिरते. पूर्वी 'दमलेली दिसते, तिला प्लास्टर रूमला पाठवा' असं काळजीच्या सुरात व्हायचं. तीन वर्षांनी त्या मुलीच्या लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत, प्लास्टरचे स्लॅब आणि ड्रेसिंगच जास्त. वाईट हेतू नसतानाही माणूस असा मागे पडतो. म्हणून तुम्ही फॉर्म भरण्याआधी डिपार्टमेंटला जा आणि तिथल्या जेआर थ्रीला (तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला) त्याचं लॉगबुक दाखवायला सांगा. पहिला सर्जन म्हणून किती केस, सहायक म्हणून किती, ते बघा. जे दाखवायला कांकू करतात तिथलं नाव खाली ढकला.

ताकदीवरून आठवलं. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस 1954 च्या अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यानंतर व्हीलचेअरवर बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढे तिथला पुनर्वसन विभाग उभा केला. पायावर उभंही न राहता जे काम झालं, त्यासाठी पाच फूट उंची कमी पडते असं कुणी म्हणू नये.

जेआर3_रात्रपाळी

मी मुलगा आहे, तरी लिहितो, कारण वरच्या दोघांनी पहिल्या वर्षाबद्दल काहीच सांगितलं नाही. ते वर्ष भयंकर असतं. इमर्जन्सीचा दिवस, मग रात्र, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा राउंड. आमच्या बॅचचा एक जण सीट सोडून गेला, तो माझ्याहून दणकट होता.

2023 च्या पीजी नियमांत आठवड्याची एक सुटी, वर्षाला किमान 20 दिवस पगारी किरकोळ रजा आणि विश्रांतीला पुरेसा वेळ असं लिहिलंय. बाळंतपणाची रजाही आहे, पण हजेरी 80 टक्के लागते, त्यामुळे लांब रजा घेतली तर कोर्सची मुदत वाढते. कागदावर आहे ते किती मिळतं, हे प्रत्येक कॉलेजात वेगळं. ते रेसिडेंटलाच विचारा, सरांना नाही.

ड्युटी रूमचं खरं आहे. आमच्याकडे मुलगी आली तेव्हा ती पहिले काही महिने लेबर रूमच्या शेजारी गायनॅकच्या मुलींबरोबर झोपायची. रात्री कॉल आला की तीन मजले उतरून यावं लागायचं. आम्ही मार्डतर्फे (निवासी डॉक्टरांची संघटना) पत्र दिलं, सिस्टर इन्चार्जनी प्लास्टर रूममागची स्टोअरची खोली रिकामी करून दिली, आतून कडी बसवली. खर्च एका कडीचा आणि एका पलंगाचा. एवढ्यासाठी इतके महिने का जावेत, हा माझाही प्रश्न आहे.

सातपुडा_इंटर्न

तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. बाबांना ताईंचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण नंतर त्या कामट्या बांधलेल्या मुलाचं पुढे काय झालं ते विचारत होते. सोमवारी दोन कॉलेजांना जाते आहे, लॉगबुक आणि खोली दोन्ही बघून येईन. ताई, अ‍ॅप्रनसाठी लेखी मागणी कुणाच्या नावे करायची? विभागप्रमुख की अधिष्ठाता?

कृष्णाकाठची_ऑर्थो

विभागप्रमुखांच्या नावे अर्ज, प्रत अधिष्ठात्यांना आणि कॉलेजच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला. छाती, कंबर आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची उंची ही मापं अर्जातच लिही, 0.5 मिमी लेडइतकं संरक्षण हवं असंही लिही. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नको. आणि एकटीसाठी मागू नको, 'लहान मापाचे दोन' असं माग, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलीला आणि ओटीतल्या सिस्टरनाही वापरता येतील.