डिलाइटचा टप कापायचा का? घरात दोन तट पडलेत

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. आमच्याकडं वडिलांची १९७० ची फियाट ११०० डिलाइट आहे, म्हणजे पद्मिनी हे नाव यायच्या आधीची, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. स्टिअरिंगवर गिअर, पुढं सोफ्यासारखं एकच लांब सीट, मागं मडगार्डांना ते छोटे टोकदार पंख. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून गाडी परड्यात पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. आता धाकटा भाऊ पुण्याहून कायमचा परत आलाय आणि त्याच्या डोक्यात आहे की टप कापून गाडी ओपन करायची, मागचे दोन दरवाजे वेल्डिंग मारून बुजवायचे, मडगार्ड बाहेर फुगवायची आणि खाली रुंद टायर घालायचे. कॉम्प्युटरवर चित्र पण काढून दाखवलं आईला.

माझं म्हणणं एवढंच की ह्या गाडीला ग्राइंडर लागता कामा नये. उजव्या बाजूच्या मागच्या मडगार्डावर एक पोचा होता, मी शाळेत असताना उसाची बैलगाडी घासलेली, वडिलांनी मेस्त्रीकडून काढून घेतला पण संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की अजून तिथं पत्र्यावर लाट दिसते. ती लाट बघितली की मला वडील फडकं घेऊन उभे दिसतात. धाकटा म्हणतो तू गाडीचं देऊळ केलंयस. तुमचं मत सांगा, स्पष्ट सांगितलं तरी चालेल.

राजारामपुरी_पोरगं
दादा राग मानू नका पण नऊ वर्षं शेडखाली उभी गाडी म्हणजे जपलेली गाडी नव्हे, ती आतून संपत चाललीय, पेट्रोलच्या टाकीत गंज, ब्रेकचे रबर कडक, उंदरांनी वायरिंग खाल्लेलं असणार. तुमचा भाऊ ती रस्त्यावर आणायचं म्हणतोय, ते आधी बघा.

आणि ओरिजिनल ओरिजिनल म्हणजे नक्की काय? दसऱ्याला आपण सगळे कोल्हापुरात दसरा चौकात छत्रपतींच्या ज्या जुन्या जर्मन मेबॅक गाडीची वाट बघत उभं राहतो, त्या जमान्यात मेबॅक कंपनी इंजिन आणि चेसिस द्यायची आणि बॉडी बाहेरचा कारागीर गिऱ्हाइकाच्या मनासारखी बांधायचा, बऱ्याच गाड्यांना जर्मनीतल्या स्पोनची बॉडी असायची. मालकाला पाहिजे तसा पत्रा, हीच रीत होती. तिकडं कॅलिफोर्नियात तरण्या पोरांनी १९४९ ते ५१ च्या मर्क्युरी गाड्या घेऊन टप कापून खाली बसवले, क्रोमच्या पट्ट्या काढून भोकं शिशानं भरली, आणि त्यातलीच बॅरिस बंधूंनी केलेली हिरोहाता मर्क २०१७ ला अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदीत गेली. कापलेली गाडी, आणि वारसा म्हणून नोंद! कोल्हापूरच्या माणसानं तरी हाताच्या कामाला भिऊ नये, बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवला की. माझं मत भावाच्या बाजूनं, शंभर टक्के.

पत्रा_आणि_लांबी
मी एकतीस वर्षं उद्यमनगरात डेंटिंगचं काम करतोय, त्यामुळं पत्र्यावरच बोलतो. मेबॅकचं उदाहरण हितं बसत न्हाई. मेबॅकला खाली वेगळी चेसिस, बैलगाडीवरचा साटा उतरवून दुसरा ठेवावा तशी बॉडी बदलता येती. मर्क्युरीलापण खाली वेगळी चेसिस हाय. डिलाइट मोनोकॉक. चेसिस नावाची वेगळी चीजच न्हाई, फ्लोअर, दोन्हीकडचे सिल (दरवाज्याखालच्या पट्ट्या), पिलर (टप तोलणारे खांब) आणि टप मिळूनच गाडीचा कणा होतो. टप कापला की गाडी मधनं बसती. पयल्या दिवशी कळत न्हाई. महिन्याभरानं दरवाजा उघडला की परत लागत न्हाई, वरनं बोटभर फट आणि खालनं घासतंय, मग पुढच्या काचेला कोपऱ्यातनं चीर जाती. हे मी डोळ्यानं बघितलंय.

करायचंच झालं तर कापायच्या आधी आतनं दरवाज्याच्या फटीत आडव्या तिडव्या पायपा टाका मारून घ्यायच्या, सिलमधी जाड बॉक्स सेक्शन (चौकोनी पाइप) घालायचा, फ्लोअरखाली एक्स मारायचा, मग ग्राइंडर. तेवढं लोखंड आत गेल्यावर गाडीचं वजन कमी होत न्हाई, वाढतंयच, आणि इंजिन तेच १०८९ सीसीचं, चाळीसेक घोड्याचं.

टप नुसता खाली बसवायचा म्हणाल तर ते अजून अवघड. पिलर तिरके असतात, वरनं चार इंच कापलं की खालचं टोक आणि वरचं टोक समोरासमोर येत न्हाईत, टप मधनं कापून लांब करावा लागतो. काचेचं काय? लॅमिनेटेड काच कापता येती, टफन काचेला कटर लावला की चुरा. ह्या गोष्टी कॉम्प्युटरच्या चित्रात दिसत न्हाईत.

मडगार्ड फुगवायला लोक फायबर चिकटवतात. आपल्याकडचा पाऊस माहीत हाय सगळ्यांना. फायबर आणि पत्र्याच्या मधी पाणी बसतंय, दोन पावसाळ्यात आतला पत्रा पापडासारखा होतोय आणि बाहेरनं रंग चकाचक. रुंद टायरला पत्राच ओढायचा, हातोडी-डॉलीनं, सीओटू वेल्डिंगनं एक एक टाका लांब लांब मारत, एका जागी जास्त गरम केलं की पत्रा लाटा मारतो मग त्याच्यावर बोटभर लांबी (पुट्टी) थापायची वेळ येती. आणि चारी चाकांना ड्रम ब्रेक हाईत हे विसरू नका.

राजारामपुरी_पोरगं
काका तुम्ही सांगताय ते मान्य, पण ह्याचा अर्थ नीट करा असा होतो, करू नका असा होत नाही ना? सिलमध्ये बॉक्स घालता येतो म्हणजे काम होतंय.

पत्रा_आणि_लांबी
होतंय की. पण करणारा हात पाहिजे आणि मालकाकडं दीड-दोन वर्षांचा दम पाहिजे. माझ्याकडं चार माणसं हाईत, त्यातल्या एकाच्याच हाताला मी पिलर लावू देईन.

आरटीओ_अनुभवी
कायद्याचं पण बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, रंग बदलणं आणि किरकोळ फिटिंग एवढंच चालतं. टप गेला, दरवाजे चाराचे दोन झाले तर आरसी बुकातली गाडी आणि समोर उभी गाडी जुळणार कशी? इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी पहिलं तेच काढणार. शिवाय तुमची गाडी पन्नास वर्षांच्या पुढं गेलीय. २०२१ च्या नियमांनी तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण अट अशी की चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. एकदा ग्राइंडर चालला की ते दार बंद, परत उघडत नाही.

रंकाळा_वॉक
व्हीए नंबर घेऊन काय करायचं हो, ती गाडी रोज चालवताच येत नाही त्या नियमात, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. घरच्या गाडीत बसून बायकापोरांना घेऊन पन्हाळ्याला जायचं नसेल तर ती घरची गाडी कसली? मी कापायच्या बाजूचा नाही पण व्हिंटेजच्या नंबरासाठी ठेवा हे पण पटत नाही.

बावड्याची_लेक
मी आमचं झालेलं सांगते. सासऱ्यांची पद्मिनी होती, माझ्या मिस्टरांना अशीच टू-डोअर करायची होती, एका गॅरेजला दिली, नाव घेत नाही. पहिल्या आठवड्यात चारी दरवाजे उतरले, टप कापला, ॲडव्हान्स गेला. मग आज मेस्त्री सुट्टीवर, उद्या पार्ट नाही, असं करत तीन वर्षं गाडी उघड्यावर. आम्ही जाऊन ओरडलो तेव्हा कळलं की मागच्या दरवाज्यांचे पत्रे आणि क्रोमचे हँडल भंगारात गेलेत. शेवटी सांगाडा टेम्पोत घालून घरी आणला. सासरे बाहेर आले, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि काही न बोलता आत गेले. मला आजही ते आठवलं की पोटात कालवतं. म्हणून दादा, तुम्ही थांबवताय ते बरोबर करताय. गाडी कापायला एक दुपार लागते आणि जोडायला माणूस मिळत नाही.

मी_धाकटा
मीच तो धाकटा. दादानं इथं लिहिलंय हे आईनं सांगितलं. माझी पण बाजू ऐका.

त्या गाडीला लहानपणी मला कधी हात लावू दिला नाही. दादा मोठा म्हणून धुवायला दादा, पुढच्या सीटवर दादा, गिअर पहिल्यांदा दादानं टाकला. मी मागं बसून त्या बारक्या काचेतनं बघायचो. दादाला तिरक्या उन्हात पप्पा दिसतात, मला त्या गाडीत माझी जागाच दिसत नाही. म्हणून मला ती माझ्या हातानं माझ्यासारखी करायचीय, मिरवायला नव्हे. मी स्वतः वेल्डिंग शिकलोय पुण्यात, नोकरी सांभाळून रविवारी जायचो. मला गॅरेजला टाकायचीच नाही, बावड्याच्या ताई तुम्ही म्हणताय तसलं होऊ देणार नाही. पण पत्रेवाले काका, मोनोकॉकचं मला माहीत होतं, एवढं काम आहे हे माहीत नव्हतं. ते खरं बोलतो.

शाहूपुरीकर
तू वेल्डिंग शिकलास हे मला आज कळतंय, इथं. घरी का नाही बोललास रे?

पुढच्या सीटचं म्हणशील तर चुकलं माझं. पप्पांनी मला कधी सांगितलं नाही की धाकट्याला बसव आणि मला स्वतःहून सुचलं नाही. पण त्याची भरपाई टप कापून होत नाही हे माझं मत अजून तेच आहे. गाडी तू उभी कर. इंजिन तू उतरव, रंग तू ठरव, सीटचं कापड तू आण, टायर दोन साइझ मोठे घाल, मी आडवा येणार नाही. पिलरला हात लावू नको.

मी_धाकटा
दरवाजे आणि टप सोडले तर माझ्या डिझाइनमध्ये राहतं काय, दादा? रंग आणि सीट कुणीपण करतं. मी अजून नाही म्हणत नाही पण मला पटलेलं पण नाही.

राजारामपुरी_पोरगं
धाकटे दादा, ओपनच पाहिजे तर दुसरी एखादी गंजलेली पद्मिनी भंगारातनं घ्या आणि तिच्यावर हात साफ करा की, २००० च्या आसपासपर्यंत निघत होत्या, पत्र्याचा साचा जवळजवळ तोच. पप्पांची राहू दे. मी माझं शंभर टक्के मागं घेतो, ताईंचं वाचल्यावर.

पत्रा_आणि_लांबी
दोघा भावांनी आधी एक काम करा. येत्या रविवारी गाडी टोचन करून माझ्याकडं आणा, शेड उघडं ठेवतो, पैसे नकोत. लिफ्टवर चढवू आणि धाकट्यानं स्वतः सिलखाली आणि मागच्या चाकांच्या वरनं पेचकस टोचून बघायचा. जिथं आत जाईल तिथला पत्रा तसाही कापायचाच हाय, कापून नवीन घालायचा, ते वेल्डिंग त्यालाच करू दे मी शेजारी उभा राहतो. सिल तर अशा गाडीचं हमखास गेलेलं असतंय. लोहचुंबक घेऊन या, उजव्या मडगार्डात त्या पोच्याखाली लांबी किती हाय ते पण कळंल. साडेनऊपर्यंत या, नंतर ऊन लागतंय.