प्रेझेंट परफेक्टसोबत येणाऱ्या ‘इन’बाबत मदत हवी आहे

इंग्रजीत प्रेझेंट परफेक्टसोबत (म्हणजे ‘हॅव/हॅज’ लावून होणाऱ्या पूर्ण वर्तमानकाळासोबत) कालावधीसाठी ‘फॉर’ आणि आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ येते, तर ‘इन २०१९’सारखा सरलेला काळ सांगितला की साधा भूतकाळ वापरावा लागतो, इथवर सारे स्पष्ट आहे. मात्र ‘आय हॅवन्ट सीन हिम इन इयर्स’ हे वाक्य सर्रास कानी पडत असताना ‘आय हॅव नोन हिम इन इयर्स’ असे कोणी म्हणत नाही; तेथे ‘फॉर’च लागते. हे ‘इन’ केवळ नकारार्थी वाक्यांतच चालते असे म्हणावे, तर ‘द बेस्ट बुक आय हॅव रेड इन इयर्स’ हे होकारार्थी वाक्यही (निदान माझ्या कानाला) बिनचूक वाटते. यामागचे सूत्र जाणकारांनी दैनंदिन वापरातील उदाहरणांसह समजावून सांगावे, ही विनंती.